माझ्याच घराचा पत्ता

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी मावशी विचारायच्या, "घर कुणाच्या नावावर आहे?"

समोरचा माणूस गांगरायचा. आयुष्याची एकतीस वर्षं त्यांनी अकोल्याच्या सिटी सर्व्हे ऑफिसात लोकांच्या घरांचे उतारे काढून देण्यात घालवली होती, हे सगळ्यांना माहीत नसायचं. इकडे अमेरिकेत, अर्विंगमध्ये एकदा हळदीकुंकवाला गेलो असताना त्यांनी हाच प्रश्न विचारला आणि यजमानीणबाई हसत म्हणाल्या, "अहो, आमच्या दोघांच्या." त्यांचा नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "अॅक्च्युअली, लोनच्या वेळी तुझं नाव घातलं नव्हतं." त्या घरात पुढे काय झालं कोण जाणे, पण त्या दिवसापासून तिथल्या मराठी मंडळातल्या बायका त्यांना 'सर्व्हेमावशी' म्हणू लागल्या, आणि दोघीतिघींनी आपापली खरेदीखतं काढून वाचलीसुद्धा.

माझी त्यांची ओळख झाली तेव्हा मी एमएस करत होते आणि त्या लेकीकडे, शीतलताईकडे, आमच्याच अपार्टमेंटच्या आवारात राहत होत्या. लेकीनं काढून दिलेलं ग्रीन कार्ड होतं, पाच वर्षं पूर्ण झाली होती, म्हणून शीतलताईनं त्यांचा सिटिझनशिपचा अर्ज भरून टाकला. दीड महिन्यानं शीतलताईला दूर उत्तरेकडे, बॉथेलला नोकरी मिळाली आणि सगळं घर तिकडे निघालं. मावशी निघाल्या नाहीत. "तिथं ऊन नसते म्हणतात," एवढंच कारण त्यांनी लेकीला दिलं. मला मात्र म्हणाल्या, "पोरी, लेकीच्या घरी मी पाहुणी आहे. किती वर्षं पाहुणी राहू?"

अकोल्याचा प्लॉट विकून त्यांनी अर्विंगमध्ये दोन बेडरूमचं छोटं घर घेतलं. विटांचं, मागे थोडी मोकळी जागा असलेलं, इंडियन ग्रोसरीपासून चालत दहा मिनिटांवर. एक खोली मला दिली. राहायला आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी खरेदीखतातली मापं घेऊन कुंपण पावलांनी मोजलं. आत येऊन समाधानानं म्हणाल्या, "बरोबर आहे. जागा कुणी खाल्लेली नाही." नवरा गेल्यापासून वीस वर्षं त्या दिराच्या, भावाच्या नाहीतर लेकीच्या छपराखाली राहिल्या होत्या. हे पहिलं घर त्यांच्या एकटीच्या नावाचं होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना आठवण करून दिली की इथला नागरिक नसलेल्या माणसानं घर बदललं की दहा दिवसांत सरकारला पत्ता कळवावा लागतो. त्या कपाटात डबे लावत होत्या. हात थांबले.

"घर माझं, चावी माझी, कागद माझ्या नावाचा. आणि मी माझ्याच घरात राहायला आले, हे मी ह्यांना सांगायचं?"

"भाड्यानं राहा की स्वतःच्या घरात, नियम तोच आहे मावशी. मलाही आहे."

"काहून? घराची नोंद तर ह्यांच्याच कचेरीत झाली ना?"

"ती काउंटीची कचेरी. ही वेगळी."

"हो बाप्पा, म्हणजे इथंही टेबलं वेगळीच." त्या वैतागल्या, पण नियम मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फॉर्म कागदावरच भरायचा हट्ट धरला, कारण कंप्युटरवर भरलेल्याची पोच हातात येत नाही असं त्यांचं मत होतं. मी लिहीत होते, त्या चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या.

"माझा सिटिझनशिपचा अर्ज चालू आहे. त्याचा नंबर इथं कुठं लिहायचा?"

"त्याची गरज नाही मावशी. सगळं एकच खातं आहे."

"नक्की ना? एका टेबलाचं दुसऱ्या टेबलाला कळत नसते."

"मावशी, ही अमेरिका आहे," मी म्हणाले. त्या शब्दांची मला आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी फॉर्म रजिस्टर्ड पोस्टानं गेला. पोच आली, ती मावशींनी खरेदीखताच्या फाइलमध्ये लावली.

मग वाट पाहणं सुरू झालं. नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी शंभर प्रश्न तयार ठेवायचे असतात. पोळ्या लाटता लाटता मावशी ते पाठ करायच्या. सिनेटर किती, न्यायाधीश किती, युद्ध कुणाशी झालं. उत्तर चुकलं की पोळी चौकोनी व्हायची. कारमध्ये शेजारी बसलेल्या माणसालाही त्या प्रश्न घालायच्या. माझ्या एका अमेरिकन वर्गमित्राला त्यातले निम्मे आले नाहीत. त्यावर त्यांचा शेरा होता, "ह्याला कुणी विचारलं नाही म्हणून हा नागरिक आहे."

त्या हिवाळ्यात अकोल्याहून फोन आला. धाकट्या बहिणीला, कुसुमला, अर्धांगवायूचा झटका आला होता. कुसुमचं लग्न झालेलं नव्हतं. वडील गेल्यावर मावशींनीच तिला शिकवलं होतं आणि आता तिच्याजवळ कामाच्या बाईखेरीज कुणी नव्हतं. मावशींनी त्याच दिवशी बॅग खाली काढली. शीतलताईनं फोनवरून समजावलं, "आई, किती दिवस लागतील सांगता येत नाही. ग्रीन कार्डवर खूप दिवस बाहेर राहिलीस तर ते जाईल. इंटरव्ह्यू आता कधीही येईल. तो दे, पासपोर्ट घे आणि मग वर्षभर राहा. कोणी विचारणार नाही." मीही तेच म्हणाले. आमचं दोघींचं म्हणणं शहाणपणाचं होतं.

बॅग पलंगाखाली गेली. रोज सकाळी कुसुमचा व्हिडिओ कॉल असायचा. तिची जीभ जड झाली होती, शब्द अर्धे तुटायचे, पण एक वाक्य स्पष्ट कळायचं: "ताई, केव्हा येतेस?" मावशी उत्तर द्यायच्या, "एक कागद यायचा आहे. आला की निघालेच." फोन ठेवून त्या बाहेर पत्रपेटीपर्यंत जायच्या. त्यात पिझ्झ्याची कुपनं आणि छप्पर दुरुस्तीच्या जाहिराती असायच्या. असे चार महिने गेले.

शेवटी एका रविवारी मी सरकारी वेबसाइटवर त्यांच्या केसचा नंबर टाकून पाहिलं. पडद्यावर आलेल्या ओळी मी दोनदा वाचल्या. मुलाखतीला बोलावलं होतं, अर्जदार आला नाही, काही कळवलंही नाही, म्हणून अर्ज बंद. मुलाखतीची तारीख उलटून गेली होती. पत्र जुन्या अपार्टमेंटवर गेलं होतं. टपाल पुढे पाठवा म्हणून आम्ही पोस्टातही सांगितलं होतं, पण हे पत्र पुढे न पाठवता परत करायचं असतं, ते आम्हाला नंतर कळलं.

मी खोलीतून बाहेर आले तेव्हा मावशी मेथी निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हणजे मी रोज ज्याची वाट पाहत होते, ते येऊन गेलं?"

"हो."

"आणि मी कुसुमला म्हणत होते, येईल, येईल."

पुढचे तीन आठवडे आम्ही फोनला चिकटून होतो. पलीकडे मशीन बोलायचं आणि कशासाठी फोन केलाय ते थोडक्यात सांगा म्हणायचं. मावशी ते खरंच थोडक्यात सांगायच्या, अगदी शांतपणे, आणि मशीन म्हणायचं, कळलं नाही, पुन्हा सांगा. एकदा त्या पाऊण तास रिसीव्हर कानाला लावून बसल्या आणि माणूस आल्याबरोबर लाइन कटली. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मी खिडकीतून पाहत होते. त्या काहीच करत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या.

कशीबशी कचेरीतली भेट मिळाली. मावशींनी इस्त्रीची साडी नेसली, फाइल घेतली. खिडकीपलीकडची मुलगी तरुण होती, नम्र होती. मावशींनी एकेक कागद तिच्यापुढे सरकवला. खरेदीखत, घरपट्टी, विजेचं बिल, पत्ता कळवल्याची पोच. मुलीनं सगळे नीट पाहिले. मग सांगितलं की बदललेला पत्ता त्यांच्याकडे नोंदलेला आहे, पण चालू असलेल्या अर्जावर तो वेगळा कळवावा लागतो. तसं फॉर्मबरोबरच्या सूचनांमध्ये लिहिलं आहे.

मी त्या सूचना वाचल्याच नव्हत्या.

"पण मी ह्याच घरात राहते," मावशी इंग्रजीत म्हणाल्या. "माय ओन हाउस."

"आय बिलीव्ह यू, मॅम," ती मुलगी म्हणाली. मनापासून म्हणाली.

बाहेर पार्किंगमध्ये मावशी मला म्हणाल्या, "तिचा माझ्यावर विश्वास आहे, कागद खरे आहेत, पत्ता त्यांच्याकडे आहे. मग चुकलं काय?" मी गाडीचा दरवाजा उघडून धरला.

आम्ही एका वकिलाला विचारलं. केस पुन्हा उघडण्याचा अर्ज करता येत होता, तो म्हणाला, पण किती महिने लागतील याचा भरवसा नव्हता. बाहेर जास्त दिवस राहण्याचा परवाना मिळतो, पण त्यालाही आणखी एक फॉर्म, आणि बोटांचे ठसे देईपर्यंत इथंच थांबणं आलं. मावशींनी त्याला हात जोडले. "आता एकही फॉर्म नाही," म्हणाल्या. त्याच आठवड्यात मी त्यांना विमानतळावर सोडलं. घराची चावी माझ्या हातात ठेवताना म्हणाल्या, "नळ टपकतो तो बघ."

त्या पोहोचल्यावर कुसुम चौदा महिने जगली. त्या सगळ्या काळात मावशी तिच्या पलंगाशेजारच्या खाटेवर झोपल्या. वर्ष उलटताना शीतलताईनं रोज फोन करून परत बोलावलं, मावशींनी एकदाच उत्तर दिलं, "तिला कूस बदलायला मी लागते." ग्रीन कार्ड त्यांनी स्वतःच वकिलातीत परत केलं.

कुसुम गेल्यावर त्यांना इकडे यायचं होतं. राहायला नाही, फक्त घर आवरायला आणि नातवाला भेटायला. त्यांनी पाहुण्यांचा व्हिसा मागितला. मुंबईत मुलाखतीला गेल्या, तिथेही तीच फाइल घेऊन. अधिकाऱ्यानं विचारलं, अमेरिकेत स्वतःचं घर आहे, मुलगी आहे, अकोल्यात आता कुणी नाही. मग तुम्ही इथं परत याल कशावरून? व्हिसा नाकारला गेला. त्या रात्रीच्या गाडीनं अकोल्याला परतल्या आणि सकाळी मला फोन केला. "मी तिथं राहत होते तेव्हा ह्यांना माझं घर सापडलं नाही," म्हणाल्या. "आता बरोबर सापडलं." शीतलताई पुन्हा ग्रीन कार्डचा अर्ज करायला तयार होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

मावशींनी पाठवलेल्या मुखत्यारपत्रावर, माझ्या सहीनं घर विकलं गेलं. घेणाऱ्या जोडप्यातल्या दोघांचीही नावं खरेदीखतावर होती, ते मी मावशींना मुद्दाम कळवलं.

गेल्या डिसेंबरात मी अकोल्याला गेले. मावशी कुसुमच्या फ्लॅटमध्ये राहतात. गुडघे दुखतात, आवाज तोच आहे. जेवण झाल्यावर मी इतकी वर्षं सांगायचं राहिलेलं एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, मावशी, अर्जाचा नंबर कुठं लिहायचा, ते तुम्ही विचारलं होतं. मीच नको म्हणाले. सूचना न वाचता.

त्या बडीशेप चघळत होत्या.

"मला त्या कचेरीतल्या खिडकीपाशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू रडत बसली असतीस. मग मला विमानतळावर कुणी सोडलं असतं? मला गाडी कुठं येत होती?"

मी हसायचा प्रयत्न केला. त्या हसल्या नाहीत. त्या भिंतीवरच्या कुसुमच्या फोटोकडे वळल्या आणि मला नाही, फोटोलाच म्हणाल्या, "चार महिने, पोरी. चार महिने आधी मी इकडे आले असते."