पाटावरचं पिस्तूल

शेजारच्या गल्लीत भरदिवसा एक घर फुटलं, आणि पुढच्याच महिन्यात आमच्या घरात पिस्तूल आलं. इकडे परदेशात, अर्विंगला इतकी वर्षं काढली, पण तोवर आमच्याकडचं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे नारळ फोडायचा कोयता. मला चोरांची भीती वाटत होती, नाही असं नाही. पिस्तूल आल्यावर ती गेली आणि पिस्तुलाची बसली. नवऱ्याने कपाटात वरच्या फळीवर बोटाच्या ठशाने उघडणारी पेटी पक्की बसवली, तरी मी जाता-येता ती ओढून बघायची. गॅस बंद केलाय का हे तीनदा बघणारी बाई मी, माझ्याकडून दुसरं काय होणार!

आम्ही दोघांनी क्लासही केला. तिथले आजोबा एक गोष्ट घोटून घोटून सांगायचे. गोळ्या भरलेलं मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजू नका, एक गोळी आधीच वर चढलेली असू शकते. वरचा भाग मागे ओढा, आत बघा, बोट घालून चाचपा. नवऱ्याचं सगळं लक्ष नेम धरण्याकडे होतं. माझ्या डोक्यात मात्र तेवढंच राहिलं.

त्या वर्षी दसऱ्याला सासूबाई सांगलीहून आलेल्या होत्या. शस्त्रपूजेला आम्ही एरवी पाटावर कात्री, सुरी, स्क्रूड्रायव्हर आणि दोघांचे लॅपटॉप मांडतो. सासूबाई म्हणाल्या, "घरात खरं शस्त्र असताना कात्र्या कसल्या पुजताय?" नवऱ्याला तेवढंच पाहिजे होतं.

मी श्रीखंडाची वाटी घेऊन बाहेर आले तर पाटावर, दोन लॅपटॉपच्या मधे, ते पडलेलं. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. शेजारी पाच वर्षांची आमची लेक परकर-पोलक्यात मांडी घालून बसलेली. पिस्तुलाचं तोंड देवाकडे होतं. आमच्या देवांच्या मागे ही अशी पातळ भिंत, ठोकली तर पोकळ वाजणारी, आणि भिंतीच्या पलीकडे लेकीचा पलंग.

मी वाटी तिथेच खाली ठेवली. "कुणी काढलं हे?"

"मी. मघाशी, आंघोळीला जायच्या आधी," नवरा म्हणाला. "अगं, मॅगझिन काढलंय. एम्प्टी आहे. तू किती पॅनिक होतेस यार!"

"वरचा भाग ओढून बघितलास?"

"पूजा झाल्यावर बघू ना. आई थांबलीय."

सासूबाई हातात निरांजन घेऊन खरंच थांबल्या होत्या. सणासुदीला सुनेने असा आवाज चढवावा हे त्यांना आवडलेलं नव्हतं, तोंडावर दिसतच होतं. क्षणभर मलाही वाटलं, जाऊ दे, उगीच कशाला तमाशा. मग एकदम आठवलं. गेल्या आठवड्यात मागच्या कुंपणाशी काहीतरी धडपडलं, तेव्हा याने पेटी उघडून पिस्तुलाचा वरचा भाग खाडकन ओढून गोळी चढवली होती. निघालं पॉसम, मांजराएवढं रानटी जनावर. आम्ही हसलो आणि पिस्तूल तसंच पेटीत गेलं.

"आत्ता बघ," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. लेकीला दंडाला धरून मी माझ्या मागे ओढलं. "फायरप्लेसच्या विटांकडे तोंड कर आणि बघ."

त्याने सुस्कारा टाकला, फूल बाजूला ठेवलं, विटांकडे वळला आणि ओढलं. पितळेचं काहीतरी उडून फरशीवर टणकन पडलं आणि घरंगळत पाटाखाली गेलं.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पिस्तूल आत नेऊन ठेवलं, पेटी बंद झाल्याचा आवाज आला, आणि तो तिथेच पलंगावर बसला. मला रडू येत होतं आणि त्याला चार शब्द सुनावावेसेही वाटत होते. दोन्ही जमलं नाही.

सासूबाईंनी निरांजन खाली ठेवलं.

"पण बंदूक रिकामी आहे म्हणाला होता ना गं तो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून मी तो आंघोळीला गेल्यावर चांगली पुसून घेतली. बोट घालतात ना, त्या कडीतून फडकं घालून, आतूनसुद्धा."

मला आधी कळलंच नाही त्या काय सांगतायत. लेकीला मात्र आपलं नाव राहून गेलं असं वाटलं असावं. ती माझ्या मागून पुढे आली.

"आय हेल्प्ड, मम्मा! आजी क्लीन करत होती आणि आय हेल्ड द फ्रंट."

कसं धरलं होतं तेही तिने दाखवलं. दोन्ही मुठी एकमेकींवर, घट्ट, पोटाशी.

मी खाली बसले, तिला जवळ ओढलं आणि पोलक्यावरून तिच्या पोटावरून हात फिरवत राहिले.

"स्टॉप, मम्मा," ती हसायला लागली. "इट टिकल्स."