येतानाची खोली

माझी आज्जी नवऱ्याला आणायला वेंगुर्ल्याला गेली, आणि नवरा निपाणीत घरी येऊन बसला.

मग दिवाळीपर्यंत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

आज आज्जीला जाऊन वर्ष झालं. घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तुम्हाला नाही, म्हणून लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही क्रूझचं बुकिंग करत होतो. मुंबईहून सुटणारी. आदल्या रात्री हॉटेल, परत आल्यावर एक रात्र हॉटेल. मी माहेरी निपाणीत, नवरा पुण्यात. फोनवर त्याला म्हटलं, "तू थेट हॉटेलवर ये, मी इकडून येते."

आज्जी शेजारीच माळ ओढत बसली होती. तिला जेवायला हाक मारली तर ऐकू यायचं नाही, पण हे बरोबर ऐकू आलं.

"येगयेगळं जाऊ नगंसा. एकत्र जावा."

"अगं आज्जी, मोबाईल आहे ना!"

"आमच्यात तार हुती की. काय उपेग झाला?"

तर ती तारेची गोष्ट.

महायुद्ध संपल्यानंतरचं वर्ष. आमच्याकडची तंबाखू तेव्हा घाट उतरून वेंगुर्ल्याला जायची, तिथून आगबोटीनं मुंबईला. आजोबा मालाबरोबर जायचे. बोट कधी लागेल याचा भरवसा नसायचा, म्हणून बंदराजवळ एका जैन अडत्याच्या माडीवर ते दोन मुक्काम आधीच सांगून ठेवत.

जातानाची खोली आणि येतानाची खोली.

आजच्या भाषेत प्री-क्रूझ आणि पोस्ट-क्रूझ स्टे. आमच्या घरात हे फार आधीपासून आहे, उगीच भाव खाऊ नका.

त्या वर्षी आज्जी नवी नवरी होती. आजोबांनी जाताना तिला सांगितलं, "पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं येतो. तू येतानाच्या खोलीवर ये. समुद्र दावतो तुला."

तिचा भाऊ तिला खोलीवर सोडून पेरणीसाठी परत गेला. दुसऱ्या दिवशी बोट आली. लांब पाण्यात उभी राहिली, छोट्या पडावांतून माणसं किनाऱ्याला लागली.

आजोबा त्यांत नव्हते.

मुंबईत व्यवहार लांबला, बोट चुकली. आता दिवाळीपर्यंत दुसरी बोट नाही. मग ते रेल्वेनं कोल्हापूरला आणि तिथून मोटारीनं निपाणीला आले. पोचले ते नेमके मृगाच्या सकाळी.

आता आमच्या घराण्याची रीत सांगते. मृग लागला की जमिनीत जीव वळवळायला लागतात, पायाखाली मरतात. म्हणून मृगाच्या दिवशी आंघोळ करून नेम घ्यायचा. ज्या गावात आहोत, त्या गावाची वेस दिवाळीपर्यंत ओलांडायची नाही.

आजोबा मोटारीतून उतरले ते सरळ बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात गेले. तिथल्याच आडावर आंघोळ करून देवाचं दर्शन घेतलं, बोटीत आपण नाही हे बघून बायको भावाबरोबर घरी परतली असेल असं धरून नेम घेतला, आणि मग घरी आले.

दारात त्यांची आई. "एकटाच? आन् सूनबाई? ती तुला आणाय गेलीया न्हवं!"

तिकडं वेंगुर्ल्यात आज्जीनंही त्याच सकाळी आंघोळ केली. नवरा पाण्यावर आहे की कुठं आहे, काही कळत नव्हतं. त्याला काही होऊ नये म्हणून तिनंही हात जोडून नेम घेतला.

तिसऱ्या दिवशी आजोबांची तार पोचली. सुखरूप आहे, नेम घेतला आहे, तू ये.

आज्जीनं अडत्याकडून उलट तार करवली. मीही घेतला आहे, तुम्ही या.

त्यानंतर तारा थांबल्या.

आम्ही लहानपणी ही गोष्ट ऐकून लोळून हसायचो. "एवढे महिने तुरुंगातच बसलीस की गं आज्जी!" आजोबाही मिशीत हसायचे.

पण त्या दिवशी, बुकिंगच्या दिवशी, आज्जी हसली नाही.

"त्या खोलीत दोन गाद्या हुत्या," म्हणाली. "दुसरी मी रोज झटकून घालायची. अडत्याची म्हातारी म्हणायची, पोरी, कुणासाठी घालतीस? मासळीच्या वासानं जेवण जायचं न्हाय. बोलाय कोण न्हाय. समुद्र तेवढा दिसायचा, त्यो बी एकटीलाच."

मग म्हणाली, "मला लई वाटायचं गं, ह्यांनी नेम मोडावा. माझ्यासाठी एकडाव मोडावा. मोडला न्हाई."

मी बुकिंग बाजूला ठेवलं.

कारण मी कॉलेजात असताना आजोबाही हेच बोलले होते. ओसरीवर सुपारी कातरत, माझ्याकडे न बघता. "सांजच्याला येशीपातुर जाऊन हुबा राहायचो. वाटायचं, ही येईल मोडून."

मी ते आज्जीला सांगितलं.

तिची माळ हातातच थांबली.

"येशीपातुर येत हुते?"

"रोज, म्हणाले."

"अन् मला कवाच बोलले न्हाईत." मग ती रडली. एवढा जन्म एका घरात काढला दोघांनी, आणि हे एवढं मात्र राहूनच गेलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

दिवाळीनंतर आजोबा तिला आणायला गेले तेव्हा खोलीत काय बोललात, असं मी तिला विचारलं.

"काय बोलणार? 'चल' म्हणाले. मी गठुडं उचललं."

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. आज्जी मात्र दर मृगाला नेम घेत राहिली. कोल्हापूरच्या दवाखान्यातसुद्धा जायला तयार नसायची.

मागच्या वर्षी ती अंथरुणावरच होती. शेवटच्या सकाळी मला जवळ बोलावलं.

"उद्या मिरुग हाय न्हवं?"

"हो आज्जी."

"मग आजच निघाय पायजे."

दुपारी गेली.

नीट जा आज्जी. आजोबा वेशीपर्यंत आलेले असतील.