एकसष्टावा मैल, खांब नऊ

यूसेबियो लुसेरोला गावातले निम्मे लोक 'नऊ नंबर' म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. कौंटीची सभा कचऱ्यावर असो की भटक्या कुत्र्यांवर, हा ऐंशी ओलांडलेला म्हातारा काठी टेकत उठायचा आणि उखडलेल्या रेल्वेच्या रस्त्यावर यायचा. तिथून एकसष्टाव्या मैलावर, आणि तिथून नवव्या खांबावर. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "आली गाडी स्टेशनात."

हसायला काय जातं. त्या खांबाशी त्याची बहीण पुरलेली होती.

बेचाळीस साल उजाडायच्या आधीच्या हिवाळ्यात एलोइसा घटसर्पाने गेली. ती सातची, यूसेबियो पाचाचा. बाप रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होता आणि टोळीचं घर बासष्टाच्या मैलदगडाला लागून होतं. पाद्री सत्तर मैलांवर, वाट बर्फाने बुजलेली. बापाने पोरीला रुळांच्या भरावाखाली, तारेच्या नवव्या खांबापाशी पुरलं. नेवाडाच्या त्या खाऱ्या रानात औषधाला झाड नव्हतं. लाकडाचा क्रूस रोवला असता तर पुढच्या थंडीत कोणाच्या तरी चुलीत गेला असता. म्हणून त्याने खांबावरची, तार बांधायची हिरवी काचेची टोपी काढली आणि तिच्या उशाशी पालथी रोवली.

वर्षभरात युद्धासाठी रूळ उपटून नेले. खांब करवतीने कापले, बुंधे तेवढे राहिले. बिऱ्हाड गावात आलं. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने ठिकाण पोराच्या डोक्यात लिहून ठेवलं. रोज जेवणाआधी प्रार्थना झाली की विचारायची, "कुठे आहे तुझी बहीण?"

"एकसष्टावा मैल, खांब नऊ."

"मग वाढून घे."

पुढे भराव ओस पडला आणि डेल प्रेटर नावाच्या गुरंवाल्याने तो पोखरायला घेतला. आयता मुरूम, विचारणारं कोणी नाही. दर वर्षी त्याचं यंत्र एकेक मैल पुढे सरकायचं. ते अठ्ठावन्नाव्या मैलावर पोचलं तेव्हा यूसेबियोची झोप उडाली.

लोरेन हॅटफिल्ड ही निवृत्त मास्तरीण एकटी त्याच्या बाजूने उभी राहिली. जुन्या रुळांची ही वाट सरकारकडून ऐतिहासिक निसर्गमार्ग म्हणून जाहीर करून घ्यायची, असं तिने मनावर घेतलं होतं. फलक लागतील, प्रवासी येतील, बंद पडलेली खानावळ उघडेल.

"बघायला काय येणार, बाई? मीठ आणि वारा?" प्रेटर सभेत म्हणाला.

"तुझं थोबाड बघायला नक्कीच नाही," यूसेबियो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सभा त्याच्या बाजूने हसली.

निसर्गाशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याला हवं होतं कायद्यातलं एक कलम: मार्ग जाहीर झाला की भरावाच्या दोन्ही बाजूंना पन्नास फुटांत कोणीही कुदळ लावायची नाही. सात वर्षं अर्ज चालले. आठव्या वर्षी मंजुरी आली, आणि म्हातारा सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून लहान मुलासारखा रडला. एक ऑक्टोबरपासून कायदा लागू. त्याआधी फलक, कुंपण आणि गाड्या थांबवायची जागा एवढं काम उरकायचं होतं.

नेमका तेव्हाच तो पडला आणि खुब्याचं हाड मोडून तीन महिने इस्पितळात अडकला. लोरेनचा फोन आला.

"काका, कबरीला कुंपण घालायचंय. जागा नेमकी सांगा."

आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो शेवटी कोणीतरी विचारला होता. त्याने छाती भरून सांगितलं, "एकसष्टावा मैल, खांब नऊ."

"रेल्वे कंपनीचा जुना नकाशा मिळालाय मला. त्यावर खांबसुद्धा मोजलेत. तुम्ही निर्धास्त राहा."

तो निर्धास्त राहिला.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, लोरेन त्याला गाडीतून घेऊन गेली. मांडीवर झेंडूची फुलं आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी होती. एकसष्टाचा दगड मागे पडला आणि थोड्याच अंतरावर तिने गाडी थांबवली. पांढरं कुंपण, पितळी पाटी, पाटीवर एलोइसाचं नाव. सुबक काम होतं.

यूसेबियो उतरलाच नाही. "हे इथे का?" त्याने विचारलं.

"खांब नऊ, काका. एकसष्टाच्या दगडापासून मोजत आलं की नववा."

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. कंपनी दगडापासून घराकडे मोजायची. आई घरापासून दगडाकडे मोजायची. ती फुलं घेऊन घरातूनच निघायची, मग दुसरीकडून कशाला मोजेल? त्यांच्या घरात मोजणी घरापासूनच सुरू व्हायची. हे सांगावं लागतं, असं इतक्या वर्षांत त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"पुढे घे," तो म्हणाला. "हळू."

अर्धा मैल पुढे, घराच्या पडक्या जोत्याच्या अलीकडे, नवी खडी पसरून रोलरने दाबलेली ऐसपैस जागा होती. दोन मोटारी उभ्या होत्या. यूसेबियो जोत्यापासून बुंधे मोजत आला. आठवा सापडला. नववा खडीखाली होता. काठीने खडी उकरताना कडेला हिरव्या काचेचे तुकडे निघाले.

त्याने एक उचलून लोरेनला दाखवला. "गाड्यांचा त्रास नको, म्हणून मुद्दाम कबरीपासून लांब घेतली हो ही जागा," ती म्हणाली.

"उकरून काढू ही खडी."

"आता नाही काढता येणार, काका." ती रडत होती. "महिना झाला कायदा लागू होऊन. पन्नास फुटांत कुदळ नाही. मी अर्ज करते. वरपर्यंत जाईन. पण वर्षं लागतील."

"माझंच कलम ते," यूसेबियो म्हणाला. त्याला तिचा राग येईना, आणि स्वतःवर चिडायचं त्राण उरलं नव्हतं.

त्यानंतर तो रोज तिथे जायला लागला. घडीची खुर्ची, थर्मासात कॉफी, डब्यात बीन्स. नवव्या बुंध्याच्या जागी खडीवर खुर्ची टाकून बसायचा, म्हणजे तेवढ्या जागेवर तरी चाक येत नसे. लोक म्हणाले, नऊ नंबरला शेवटी जागा मिळाली.

एकदा दूरच्या गावची एक बाई मोटारीची काच खाली करून म्हणाली, "आजोबा, जरा सरकता का? इथून सगळं छान दिसतं म्हणतात."

"इथून काही दिसत नाही, बाई," यूसेबियो म्हणाला. "गाडी पुढे घ्या."