साडूंच्या गाडीचे टायर

नव्या टायरच्या रबराचा वास आला की मला सासऱ्यांचं फुलंब्रीचं अंगण आठवतं. साडूंनी आणि मी एकाच वर्षी एकाच कंपनीची छोटी गाडी घेतली होती, रंगही एकच. फक्त त्यांचं मॉडेल वरचं, म्हणून टायर रुंद. दसऱ्याला दोन्ही गाड्यांना झेंडूचे हार घातले, तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्या टायरवर थाप मारली आणि म्हणाले, “ही गाडी लई दमदार दिसती!” माझ्या गाडीला नुसतं कुंकू लावलं. माझा नुसता जळफळाट झाला. आठवड्याच्या आत मी शहरात येऊन तसलेच रुंद टायर मागितले. दुकानदार म्हणाला, “साब, गाडी पूरी भरेगी तो चाक अंदर घिसेगा.” मी म्हटलं, “तू बसव.” दिवाळीत सासरे ऐटीत माझ्या शेजारी बसले, मागं सासूबाई, बायको आणि दोन लेकरं. फाटकातून वळताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि चाक खरखर घासलं, जळक्या रबराचा वास सुटला. “थांबा जावईबापू,” म्हणत सासरे शांतपणे उतरले आणि मागच्या, साडूंच्या गाडीत जाऊन बसले. साडू हसलेसुद्धा नाहीत. त्याचाच जास्त राग आला. आज टायर बदलताना मात्र मी दारावरच्या कंपनीच्या स्टिकरवर लिहिलेलाच साइज सांगितला. चाकं निघेपर्यंत बायकोला फोन लावला, “तुझ्या बहिणीला सहज विचार ना, त्यांनी आता कोणते टाकलेत?”