वहिनीचे ठाण्यातले पाच दिवस

ठाण्यात पाहुणे आले की त्यांना कुठे कुठे फिरवायचं, याचं वेळापत्रक मला तोंडपाठ असतं. सकाळी तळ्याकाठच्या शंकराचं दर्शन, मग मिसळ, संध्याकाळी उपवन. दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याचा गणपती आणि येताना तलावपाळी, म्हणजे शंकराच्या देवळापुढचा तळ्याचा काठ. तिसऱ्या दिवशी हायवेवरचा मॉल, कारण तिथे सरकता जिना आहे आणि गावाकडच्या माणसाला तो दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. नौपाड्यात पस्तीस वर्षं काढल्यावर हे शहर आपणच वसवलंय असं मला वाटायला लागलं होतं. बायको म्हणते, तू पाहुण्यांना फिरवत नाहीस, त्यांची परेड काढतोस. तिचं बोलणं मी हसण्यावारी नेत असे.

तीन वर्षांपूर्वी वहिनी आली. माझ्या थोरल्या भावाची बायको. मी पाचवीत असताना ती लग्न होऊन आमच्या रत्नागिरीकडच्या घरात आली आणि तेव्हापासून म्हशी, बाग, सासू-सासरे यांतून तिची सलग चार दिवस कधी सुटका झाली नाही. भावाचं वर्षश्राद्ध उरकल्यावर मी हट्टानेच तिला घेऊन आलो. यापूर्वी ती ठाण्याला एकदाच आली होती, नवी नवरी असताना, भावाबरोबर कुणाच्या तरी लग्नाला. रिक्षात बसल्या बसल्या तिने तेच काढलं.

"भावोजी, त्या तळ्यात बोटी होत्या. आहेत हो अजून?"

"आहेत की. पायाने पॅडल मारायच्या."

"मी ह्यांना म्हटलेलं, बसूया. तर म्हणाले, पुढच्या खेपेला."

इतकं स्वच्छ सांगूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. टिटवाळ्याला किती वाजता निघायचं, याचा हिशोब माझ्या मनात चालू होता.

टिटवाळ्याहून परतताना ठरल्याप्रमाणे तलावपाळीला गेलो. सुट्टीचा दिवस, माणसांची ही गर्दी. वहिनी कठड्याला टेकून बोटी बघत उभी राहिली. मक्याचं कणीस दिलं तर ते हातातच राहिलं. बोटीच्या तिकीटखिडकीपाशी मोठी रांग होती आणि माझे पाय दुखत होते. तरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "बसायचंय का, वहिनी?"

"नको हो. ह्या वयात काय बोटीत! लोक हसतील."

मी म्हटलं, "बरं." आणि आम्ही निघालो. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं.

घरी जेवताना बायकोने पुरणपोळी वाढायला घेतली. वहिनीने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. नको, अगदी नको, पोटात जागाच नाही. बायकोने एक हात बाजूला केला, मी दुसरा धरला आणि पोळी पानात पडली. वर मी तुपाची धारही सोडली. वहिनीने ती पोळी चवीने खाल्ली. आमच्याकडे पहिलं 'नको' कुणी धरतच नाही. दुसरंही धरत नाहीत. माझी आई सांगायची, तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय पाहुण्याला विचारलं असं म्हणू नये. हे सगळं मला ताटापुरतं येत होतं.

पुढचे दोन दिवस परेड चालू राहिली. सरकत्या जिन्यावर वहिनीने माझी बाही घट्ट पकडली आणि वर पोचल्यावर डोळे मिटून उभी राहिली. शेवटच्या दिवशी डोंबिवलीला माझ्या मुलीकडे जेवायला गेलो. येताना शीळफाट्याला असे अडकलो की विचारू नका. दीड तास ती खिडकीतून पुढच्या ट्रककडे बघत बसली. चिडचिड माझी चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एसटीत बसवून दिलं. परत येताना वाटेत बायको म्हणाली, "तिला बोटीत बसायचं होतं रे. परवा मला विचारत होती, नुसत्या बायकाबायकांना बसू देतात का म्हणून."

"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तू नेशीलच. तूच तर सगळीकडे नेतोस."

मला माझीच लाज वाटली. पाच दिवसांत मी तिला मला हवं ते सगळं दाखवलं होतं. भाऊ निदान 'पुढच्या खेपेला' तरी म्हणाला होता.

यंदा शिमग्याला गावी गेलो. पालखी दारात येऊन गेली आणि शेजारच्या चार बायका चहाला थांबल्या. त्यांतली एक मला म्हणाली, "वहिनीला बोटीत बसवलंत म्हणे! आमाला कधी नेताव?"

मी वहिनीकडे पाहिलं. ती कपांत चहा ओतत होती.

"त्यांनाच विचार, कशी डुलते ती," मान वर न करता ती म्हणाली. "पाय मारून मारून दमले बिचारे."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. पस्तीस वर्षं त्या तळ्याला फेऱ्या मारल्या, पण बोटीत मीही कधी बसलो नव्हतो. "डुलते थोडी," मी म्हणालो. मग पुढचं तीच सांगू लागली. आधी केशरी जाकीट घालायला लावतात. तळ्याच्या मध्ये देऊळ आहे, त्याच्या जवळून जाता येतं. हात खाली सोडला की पाणी गार लागतं. बायका ऐकत होत्या. मी मान हलवत होतो.

त्या गेल्यावर मी मागच्या पडवीत तिच्यापाशी गेलो.

"वहिनी, मे महिन्यात चल. फक्त बोटीसाठी. दुसरीकडे कुठ्ठे नेणार नाही."

"नको."

या वेळी मी सोडलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं, तिचा हात धरला, माझी शपथ घातली. तिने हात हळूच सोडवून घेतला आणि विसळलेले कप एकेक करून पालथे घातले.

"आता कशाला, भावोजी? एकदा बसलेय ना मी. तुम्हीच तर नेलंत."