चार सेट आणि एक स्थळ

आमच्या घरात इंग्रजी शब्द एकच वापरात होता आणि तेवढ्यावर आमचं उत्तम भागत असे. तो शब्द म्हणजे 'सेट'.

आमच्याकडे वेताचा सोफासेट होता, मेव्हण्याने दिलेला चिनी मातीचा टी-सेट होता, कोपऱ्यात क्रोशाचं झाकण पांघरलेला रेडिओ सेट होता आणि ऐन पंचेचाळिशीत माझ्या तोंडात बसवलेला दातांचा सेट होता. (हा शेवटचा सेट पाहुण्यांना दाखवायचा नसे, पण बाकीचे तीन दाखवताना तो आपोआप दिसे.) याशिवाय सकाळी घड्याळ सेट करायचं, कुमुदने केस सेट करायचे, कचेरीत नवा कारकून रुळला की तो सेट झाला म्हणायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुमुदचं लग्न! तेही सेटच करायचं होतं.

कुमुद ही आमची एकुलती एक मुलगी. यापूर्वी तिची दोन स्थळं मोडली होती आणि दोन्ही वेळा कारण मीच होतो. एकदा मी मुलाच्या वडिलांना त्यांच्या अर्धांगवायूवर औषध सुचवलं. (त्यांना अर्धांगवायू नव्हता, त्यांची बसण्याची ढबच तशी होती!) दुसऱ्या वेळी काय बोललो ते लिहवत नाही. आता कांदिवलीच्या सबनिसांचं स्थळ आलं होतं. मुलगा कुमुदला आवडला होता, मुलाला कुमुद आवडली होती. फक्त मुलाच्या वडिलांनी, भाऊरावांनी, एकदा घर पाहून होकार द्यायचा राहिला होता. ते रविवारी येणार होते.

"रविवारी तुम्ही तोंड उघडायचं नाही," सौ.ने बजावलं.

"अगं, पण पाहुण्यांशी काहीतरी..."

"काहीतरी नाही आणि काहीही नाही!"

"अप्पा," कुमुद म्हणाली, "हे मोडलं ना, तर मी जन्मभर इथेच राहीन. तुमच्यासमोर बसून राहीन!"

धमकी साधी होती, पण मी मुकाट्याने मान डोलावली.

आता खरी चूक सांगतो. मुलुंडला आमच्या घराच्या मागेच वाचनालयाचं पटांगण होतं आणि शनिवारी तिथे वार्षिक समारंभाचं नाटक होतं. वाचनालयाचे चिटणीस सामंत हे मूळचे मालवणचे. नाटक त्यांनीच लिहिलेलं. पडदा उघडताच बॅरिस्टरचा दिवाणखाना! शनिवारी दुपारी ते चार कार्यकर्ते घेऊन दारात उभे राहिले.

"अप्पा, सेट तुमच्याकडे आहे!"

"कुठला?"

"सगळाच! सोफा द्या, टीपॉय द्या, कपबशा द्या. मुलुंडात बॅरिस्टरच्या तोलामोलाचं घर तुमचंच, दुसरं कुणाचं सांगा?"

या वाक्यानंतर मी माणसात उरलो नाही. सौ. आतून डोळे वटारत होती आणि मी कार्यकर्त्यांना सोफ्याचा पाय दारात कसा वळवायचा ते दाखवत होतो! तसबिरी गेल्या, सतरंजी गेली, गवळणीच्या मातीच्या मूर्तीसुद्धा गेल्या.

"उद्या पाहुणे आहेत, सामंत!" सौ. आतून ओरडली.

"सकाळी चहाच्या आधी परत. काय्येक होणा नाय!"

संध्याकाळी खोलीत एका गोणपाटाशिवाय आणि रेडिओशिवाय काही उरलं नव्हतं. मी गोणपाटावर बसलो, हिरड्यांवरून जीभ फिरवली आणि ताडकन उभा राहिलो. दुपारी सामान काढताना दात बोचू लागले म्हणून ते काढून मी हाताशी होतं त्या भांड्यात ठेवले होते. ते भांडं टी-सेटमधलं साखरेचं होतं!

खाणाखुणा करून मी हे कुमुदला सांगितलं. ती कपाळावर हात मारून पटांगणाकडे धावली. ती मागच्या दाराने गेली आणि पुढच्या दारात कुणीतरी खाकरलं.

खादीचा सदरा, खादीची टोपी, खांद्याला खादीची पिशवी. भाऊराव सबनीस!

"विक्रोळीला नातलगाकडे आलो होतो. म्हटलं उद्याची खेप कशाला, आजच डोकावून जावं."

मी हात जोडले. तोंड मिटलेलं. 'सेट' हा शब्द उच्चारायला दात लागतात, हे मला त्या क्षणी कळलं. 'आमचा सोफासेट नाटकाच्या सेटवर गेलाय' हे वाक्य मी मनात म्हणून पाहिलं. 'आमटा होफाहेट नातकाट्या हेतवर...' पुढे जाण्यात अर्थ नव्हता!

भाऊराव खोलीच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी चारी भिंती पाहिल्या. भिंतींवर तसबिरींच्या जागी नुसते खिळे होते. त्यांनी जमिनीकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. गेलं, हेही स्थळ गेलं!

"तुमच्याकडे... खुर्ची वगैरे?"

मी मान हलवली. नाही.

"टेबल?"

नाही.

भाऊरावांचा चेहरा हळूहळू उजळला. "वा!" ते म्हणाले आणि धपकन गोणपाटावर माझ्या शेजारी बसले. "अपरिग्रह! अप्पासाहेब, आजवर भाषणांतून ऐकला होता, घरात पहिल्यांदा पाहिला!"

सौ. पाणी घेऊन बाहेर आली. "अहो भाऊसाहेब, त्याचं असं झालं..."

"काही सांगू नका, वहिनी! याआधी एके ठिकाणी गेलो होतो. खुर्चीला खेटून खुर्ची, कपाटावर कपाट! मी तिथल्या तिथे नकार दिला. म्हटलं, या घरात माणसांना जागा नाही."

सौ.चं तोंड उघडं होतं ते तिने पाण्याच्या तांब्यासकट आत नेलं.

"अप्पासाहेब बोलत नाहीत?" भाऊरावांनी आतल्या दाराकडे पाहून विचारलं.

आत एक भांडं पडलं. मग सौ.चा बारीक आवाज आला, "शनिवारी... मौन असतं त्यांचं."

भाऊरावांनी मला नमस्कार केला! माझ्याहून दहा वर्षांनी वडील माणूस! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खाली नुसती शहाबादी फरशी होती, आणि ती घट्ट होती.

तेवढ्यात सामंत धापा टाकत आत आले. "अप्पा, दुसऱ्या अंकाला रेडिओ पाहिजे. नेऊ ना?"

मी डोळ्यांनी त्यांना 'नको' म्हणालो, भुवयांनी 'जा' म्हणालो. सामंतांनी दोन्हींचा अर्थ 'न्या' असा घेतला आणि रेडिओ उचलला.

"हे कुठे चाललंय?" भाऊरावांनी विचारलं.

"वाचनालयात. मी तिथला चिटणीस."

"म्हणजे बाकीचं सामानही..."

"सगळं तिथेच आहे, साहेब. एका शब्दावर दिलं अप्पांनी! कपबशीसुद्धा मागे ठेवली नाही." (यातला शब्द न् शब्द खरा होता, हेच वाईट.)

भाऊराव उठून उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते. "वाचनालयाला सगळा संसार दिलात! आणि तोंडातून एक शब्द नाही! अहो चिटणीस, हे लोकांना कळलं पाहिजे. मला तिकडे न्या."

सामंतांना काय कळलं कोण जाणे. पण खादीतला वयस्क पाहुणा आपण होऊन व्यासपीठावर यायला निघालाय, एवढं कुठल्याही चिटणीसाला पुरतं. एका काखेत रेडिओ आणि दुसऱ्या हाताने भाऊराव असे दोघांना घेऊन ते गेलेसुद्धा!

सौ. बाहेर आली. "आता हो?"

मी हात पसरले.

"पसरू नका! काहीतरी करा!"

तेवढ्यात कुमुद आली. केस विस्कटलेले, मुठीत रुमाल, रुमालात माझे दात. "अप्पा, मी विंगेत उभी होते. मला पुढे जाऊ देईनात! बॅरिस्टरीणबाईंनी (म्हणजे पोस्टातले गणपुले, मिशा काढून) नवऱ्याला विचारलं, 'साखर किती घालू?' आणि चमच्याबरोबर हे वर आले! गणपुले किंचाळले ते पुरुषी आवाजात! लोकांनी वन्समोअर दिला!"

"ते राहू दे," सौ. म्हणाली. "तुझे सासरे व्यासपीठावर गेलेत."

कुमुद मटकन गोणपाटावर बसली.

मी दात तोंडात कोंबले (साखरेसकट) आणि धावलो. एकच विचार होता. खरं सांगायचं. गैरसमज दूर करायचा. सौ. मागून ओरडत होती, पण खरं सांगा म्हणत होती की सांगू नका, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पोहोचलो तेव्हा मध्यंतर झालं होतं आणि माझ्याच सोफ्यापुढे उभे राहून भाऊराव लाउडस्पीकरवर बोलत होते. "...या थोर गृहस्थाने आपल्या बैठकीतली शेवटची वस्तू वाचनालयाला अर्पण केली आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. विंगेत सामंतांचं तोंड आधी उघडं पडलं, मग मिटलं, मग हसरं झालं. वाचनालयाकडे तोवर दोन मोडकी बाकं होती.

लोकांनी मला उचलूनच वर चढवलं. लाउडस्पीकर तोंडापुढे आला. आता दात होते, शब्द होते, सत्य जिभेवर होतं. मी समोर पाहिलं. गर्दीच्या कडेला कुमुद आईचा पदर धरून उभी होती. लहानपणी जत्रेत धरायची तसा. शेजारी भाऊराव माझ्या कानात म्हणाले, "अप्पासाहेब, या घराशी सोयरीक हे आमचं भाग्य. लग्न ठरलं असं समजा. फक्त तुमच्या तोंडून ऐकू द्या, दिलंत ना सगळं?"

आयुष्यात दोनदा बोलून मी या मुलीचं नुकसान केलं होतं.

"दिलं," मी म्हणालो.

"रेडिओसुद्धा?" सामंतांनी विंगेतून विचारून घेतलं. (हा माणूस मी कधीही विसरणार नाही!)

"...रेडिओसुद्धा."

घरी आल्यावर सौ. बराच वेळ रिकाम्या खोलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "एक स्थळ सेट झालं, तीन सेट गेले. चौथा तरी तोंडातच ठेवा." त्या रात्री ती हसत होती की रडत होती, ते मी विचारलं नाही. विचारण्याचा हक्क मी लाउडस्पीकरवरून देऊन बसलो होतो.

लग्न थाटात, म्हणजे खादीच्या थाटात, पार पडलं. मी रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन माझ्या सोफ्यावर बसून बातम्या ऐकू लागलो. माझ्याच रेडिओवर. कुणी आवाज कमी करायला सांगितलं की मी कमी करत असे.

इथवर ठीक होतं. पण भाऊरावांनी माझा आदर्श घेतला! दिवाळीला कुमुद माहेरी आली ती कंबर धरून.

"अप्पा, मामंजींनी आमच्या खुर्च्या शाळेला दिल्या. टेबल दवाखान्याला दिलं. गेल्या महिन्यात आमचा पलंग गेला! 'तुझ्या वडिलांच्या घरून आलीस, तुला सवय असेल' म्हणतात! आम्ही दोघं चटईवर झोपतो!"

तिला टेकून बसायला लोड नव्हता, तक्क्या नव्हता. मी पुढे सरकलो, तिच्याकडे पाठ केली आणि म्हणालो, "बाळ, माझ्या पाठीला टेकून बस."

"नको अप्पा," ती भिंतीकडे सरकत म्हणाली, "मी टेकायची आणि तेवढ्यात कुणीतरी मागायला यायचं. तुम्ही पाठही देऊन टाकाल!"