तांबडं दिसलं की थांबायचं

रांगेतली घरं सगळी सारखी. तोच पांढरा रंग, तेच लोखंडी फाटक, त्याच दोन पायऱ्या. बिल्डरनं एकच घर काढलं आणि बाकीची त्यावरून गिरवली, असं शिवणवाल्या काकू म्हणायच्या. त्यांच्या नवऱ्यानं जन्मभर मालगाडीचं इंजिन चालवलं. निवृत्तीनंतर तो एकेक गोष्ट विसरत गेला. आधी नातवंडांची नावं गेली, मग बायकोचं. संध्याकाळचं फिरणं तेवढं सुटलं नाही. पण परतताना तो कुणाच्याही घरात शिरून खुर्चीवर बसू लागला. मुलानं फोनवर बजावलं, "आई, आता पुन्हा असं झालं तर बाबांना संस्थेत ठेवायचं. तू एकटी किती धावशील?"

काकूंनी उरलेल्या तांबड्या कापडाचा झेंडा शिवला आणि काठीला लावून फाटकावर बांधला. संध्याकाळी तो बरोबर झेंड्यासमोर येऊन ताठ उभा राहिला. तांबडं दिसलं की थांबायचं, एवढं त्याच्या हाडांत उरलं होतं. काकूंनी हाताला धरून त्याला आत नेलं. तो उन्हाळा सुखाचा गेला.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"काकू, राष्ट्रध्वज सोडून दुसरा झेंडा नियमात बसत नाही. आज तुमचा, उद्या कुणी पक्षाचा लावेल. मी कुणाकुणाचं तोंड धरू?"

"झेंडा नाही हो तो. यांना घर कळावं म्हणून खूण आहे."

"काठीला कापड लावलं की झेंडाच झाला."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी सभा बोलावली, हातापाया पडून तोडगा काढला आणि हसतमुखानं सांगायला आले. झेंडा लावायचा तर सगळ्यांनी; एकाच मापाचा, एकाच रंगाचा. म्हणजे कुणाचं कुणाला खुपायला नको. "रंग तुमचाच ठेवलाय, काकू. आणि शिवायचं कामही तुम्हालाच." आंधळ्यानं एक डोळा मागावा आणि आपण दोन द्यावेत, अशा समाधानानं त्यांनी चहा संपवला.

शिवता शिवता काकूंच्या ध्यानात आलं. त्या सेक्रेटरींकडे गेल्याही. "सगळीकडेच तांबडं झालं तर हे थांबणार कुठे?"

"आता ठराव झालाय, काकू," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

काकूंना राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. घरी येऊन त्या पुन्हा मशीनवर बसल्या. कडा दुमडत होत्या, टाके पडत होते, आणि आत काहीच हलत नव्हतं.

झेंडे लागले त्या संध्याकाळी तो पहिल्याच घरासमोर थांबला. काकू न्यायला आल्या तर हलेना. "सिग्नल नाही, बाई," तो समजुतीनं म्हणाला. काकू घरी गेल्या, चिंध्यांच्या पिशवीतून हिरवा तुकडा काढला आणि परत येऊन त्याच्यासमोर धरला. तो निघाला. दुसऱ्या घराशी थांबला. पुन्हा हिरवा. असं करत करत दोघं आपल्या फाटकापर्यंत आले. तो शहाण्यासारखा थांबला. काकू कडी काढायला वाकल्या. हिरवा तुकडा हातातच राहिला होता. हिरवं बघून तो स्वतःच्या घरावरून नीट पुढे निघून गेला.

काकूंनी हाक मारली नाही. कुठल्या नावानं मारली असती तर तो वळला असता? पुढच्या घराशी तो तांबड्यासमोर उभा होता, तिथून त्याला आणलं, जेवू घातलं आणि मुलाला फोन लावला. "ये बाबांना न्यायला," एवढंच म्हणाल्या. मुलगा रडला. काकूंना रडू आलं नाही.

मुलाची गाडी गेली तेव्हा त्यांनी फाटकावरची काठी सोडून घेतली. आठवड्याभरात सेक्रेटरी दारात आले.

"काकू, राग मानू नका. रांगेत तुमचंच एक घर आता वेगळं दिसतंय."

काकूंनी मान डोलावली, आतून काठी आणली आणि झेंडा पुन्हा बांधला.